पहाऱ्याचा झाला पाहुणा

मी एक कादंबरी. वय पंचेचाळीस, पानं एकशे नव्वद, पाठीला चिकटपट्टी. आजकाल लोक मला फार मान देतात. "हिला तेव्हाच सगळं कसं कळलं?" असं विचारतात. छापून आले तेव्हा हेच लोक "बाईंचं डोकं फिरलंय" म्हणत होते, म्हणून जरा हसू येतं.

बाई म्हणजे माझी लेखिका. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होत्या. दिवसभर दुसऱ्यांचे फोन जोडून द्यायचे, आणि नाही म्हटलं तरी चार शब्द कानावर पडायचेच. कुणी ऐकत नाही असं समजून माणूस कसा बोलतो आणि कुणी ऐकतंय म्हटल्यावर कसा बदलतो, हे त्यांना पाठ होतं. त्यातून त्यांनी मला लिहिलं. घरोघरी एक बोलणारी पेटी बसते, ती माणसांचं सगळं ऐकते आणि वर कळवते, अशी माझी गोष्ट. त्या पेटीचं नाव बाईंनी ठेवलं होतं 'पहारा'.

पण बाईंचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा एक तरुण जुळारी होता. त्याने पहिल्या पानापासून 'पहारा'च्या जागी 'पाहुणा' जुळवलं. बाई मुद्रितं तपासायला आल्या तेव्हा बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"चुकलंच बाई. दोन दिवसांत सगळं बदलून देतो."

बाईंनी तो शब्द पुन्हा मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, "थांब रे. पहारा म्हटलं तर लोक दार लावून घेतील. पाहुण्याला स्वतःहून आत घेतील, वर बसायला चांगली जागा देतील. तुझंच बरोबर आहे."

आणि त्यांनी मला अर्धीअधिक नव्याने लिहून काढलं! पेटी बसवायला येणारे शिपाई काढून टाकले. त्यांच्या जागी मुलंच आपल्या म्हाताऱ्या आईसाठी, काळजीपोटी, ती विकत आणू लागली. मला बाईंचं खरं कौतुक वाटतं ते इथे. यंत्रं काय, कुणीही रचेल. माझ्यात माणसं जेवणाऐवजी गोळ्या खातात, तो अंदाज तर साफ आपटला. पण ही पेटी मायेचा हात धरून घरात येईल, हे ओळखायला बाईच हव्यात.

छापलेली पहिली प्रत त्यांनी त्या जुळाऱ्याला दिली. ती मी. बाई आता नाहीत. जुळाऱ्याने सत्तरी ओलांडली आहे आणि तो एकटा राहतो. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडला, तो चार तास तसाच. म्हणून परवा त्याची मुलगी एक पेटी घेऊन आली. कॅमेरा, माइक, सगळं त्यात.

"बाबा, ही तुमच्या सोबतीला. तुम्ही बरे आहात ना, हे मला ऑफिसात बसून दिसेल."

"आणि मी तुझ्या आईच्या फोटोशी भांडतो, तेही दिसेल?"

"दिसलं तर काय झालं? मीच आहे ना!"

बाबांनी वाद घातला नाही. मला काढून शेवटचं पान तिच्यापुढे धरलं. तिथे सगळी मुलं जमलेली असतात आणि म्हातारी म्हणते, 'या पाहुण्याला परत न्या रे. मला तुम्ही हवे आहात.' त्यानंतर एकच ओळ आहे : 'कोणीही उठले नाही.'

मुलीचे डोळे भरून आले. "त्या दिवशी पडायच्या आधी, चक्कर येतेय म्हणून तुम्ही फोन केला होता, बाबा. मी मीटिंगमध्ये होते. उचललाच नाही."

"माहीत आहे गं. पण हा पाहुणा आला की तुला फोन उचलायची गरजच उरणार नाही."

तिने डोळे पुसले. मग उठली आणि पेटी खोक्यात परत घातली. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायचा, एक किल्ली शेजारणीकडे द्यायची आणि रोज दोनदा तिने स्वतः फोन करायचा, असं ठरलं. निभेल का, मला ठाऊक नाही. पण पेटीच्या बाबतीत पंचेचाळीस वर्षांत मी पहिल्यांदाच खोटी ठरले, आणि काय सांगू, किती आनंद झाला! मंडळी, माझं भाकीत खरं ठरलं म्हणून टाळ्या वाजवू नका. त्यासाठी बाईंनी मला लिहिलं नव्हतं. जमेल तिथे मला खोटी पाडा.

मुलगी गेल्यावर बाबांनी चष्मा लावला आणि पेन्सिलीला टोक केलं. पुस्तकात चुका राहिल्या की शेवटी शुद्धिपत्र जोडतात. मला ते कधी जोडलंच नव्हतं. माझ्या मागच्या कोऱ्या पानावर त्यांनी सावकाश लिहिलं :

'पान १९०, शेवटची ओळ. "कोणीही उठले नाही" ऐवजी "मुलगी उठली" असे वाचावे.'