शनिवारची पायवाट

प्रश्न एकदा विचारून झाला होता.

शुक्रवारची तिन्हीसांज होती. काचेच्या पेल्यात, पाण्यावर तरंगणाऱ्या तेलात, शब्बाथची वात नुकतीच लावली होती. तिच्या उजेडात उंबऱ्यावरच्या माणसाची सावली भिंतभर पसरली होती.

"सादा प्रश्न हाय, शेठ," राजेश पुन्हा म्हणाला. चपला त्याने काढल्या नव्हत्या. "उद्या तुमची जीप ठाकूरवाडीवर जानार का नाय?"

सॅम्सन आपटेकरने वर पाहिलं नाही. चौकला जुन्या हायवेलगत त्याचं गॅरेज होतं. गेल्या आठवड्यात तिथे उभ्या असलेल्या एका गाडीची समोरची काच कुणीतरी फोडली होती. कुणी फोडली ते अवघ्या चौकला माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. राजेश हा फार्महाऊसच्या बांधकामांवर मजूर पुरवणारा मुकादम. त्याचा भाऊ पंचायत समितीला उभा होता. याच भावाने डोंगरावरच्या ठाकूरवाडीचा झरा पाइप टाकून एका फार्महाऊसच्या तलावाकडे वळवला होता, त्यामुळे वाडीची मतं कुठे जाणार नाहीत हे उघड होतं. राजेशने वाडीला निरोप धाडला होता: उद्या जो मतदानाला खाली उतरेल, त्याला परवापासून काम नाही.

"उद्या शब्बाथ आहे," सॅम्सन कसाबसा म्हणाला. "शनिवारी आम्ही गाडी काढत नाही."

राजेश हसला. "मंग झालं! शनवारतेल्यांचा शनिवार. आमच्या आज्याला बी ठावं व्हता." आणि तो गेला.

सावली गेली, भिंत मात्र तशीच काळवंडलेली वाटत राहिली. आतल्या खोलीत भिसेगावहून आणि खोपोलीच्या शिळफाट्यावरून आलेले पाहुणे श्वास रोखून बसले होते. कर्जत-खालापूर भागात बेने इस्राएलांची, म्हणजे एकेकाळी घाण्यावर तेल काढणाऱ्या कोकणातल्या ज्यूंची, मोजकीच घरं उरली आहेत. महिन्यापूर्वी मालिद्याच्या, म्हणजे गोड पोह्यांच्या प्रसादाच्या, ताटासमोर, प्रेषित एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन, त्यांनी ठरवलं होतं की या वेळी वाडीतली माणसं मतदान केंद्रापर्यंत निर्धास्त पोचली पाहिजेत. जीपचा शब्द सॅम्सनने दिला होता. मतदानाचा वार मागाहून जाहीर झाला. तो शनिवार निघाला तेव्हा सॅम्सनला मनातून केवढं हायसं वाटलं होतं!

"खरं बोललास," सिपोरा आत्या म्हणाली. ती निवृत्त शिक्षिका. गाव तिला 'बाई' म्हणायचं. "पण त्या खऱ्याच्या आड लपलास, सॅम्सन."

"आत्या, जीपचा शब्द दिला होता. वार काय मी ठरवला? आणि आपण आहोत तरी किती? उद्या त्यांनी गॅरेज पेटवलं तर कोण धावून येईल?"

"मलाही भीती वाटते रे." आत्या त्याच्या शेजारी येऊन बसली. "पण मला सांग, तुझ्या आज्याचा तेलाचा घाणा शनिवारी का बंद असायचा?"

"धर्म म्हणून."

"तेवढंच? अरे, सहा दिवस डोळ्यांवर झापड लावून तो बैल गोल गोल फिरायचा. सातव्या दिवशी झापड निघायची. त्या दिवशी बैलसुद्धा कुणाचा नोकर नसायचा! वाडीतल्या माणसांची झापड निघायचा दिवस पाच वर्षांतून एकदा येतो. तोही राजेशने हिरावून घ्यायचा, आणि आपण आपला शब्बाथ पाळत घरात बसायचं?"

सॅम्सनची नजर खुंटीवरच्या जीपच्या किल्लीकडे गेली.

"गाडी नको काढूस," आत्या हळूच म्हणाली. "आपण पायी जाऊ."

सकाळी ते सगळे, पाहुण्यांसकट, ठाकूरवाडीकडे निघाले. पुरुषांच्या डोक्यावर टोप्या, बायकांच्या अंगावर सणाची लुगडी. पायाखाली वाळका पाला करकरला तरी कुणीतरी दचके. वळणावर राजेशची माणसं रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लावून उभी होती. जीप फिरली तर तिला अडवायची, ही त्यांची तयारी. पायी येणारी म्हातारीकोतारी पाहून ती गोंधळली. सॅम्सन थबकला. आत्याने त्याचा दंड धरला आणि सगळी रांग ट्रॅक्टरला वळसा घालून शेताच्या बांधावरून पुढे सरकली. पाठीवर त्या नजरा निखाऱ्यांसारख्या टेकलेल्या होत्या.

वाडीत सगळी दारं लावलेली होती. भागूबाईने आपलं दार फटीएवढं उघडलं.

"बाई, तुमी परत जावा गं. आमाला उद्या बी खायचं हाय."

"मी कुणाला मत दे म्हणून सांगायला नाही आले. तुझ्या शेजारून चालायला आलेय."

"त्याला कळंल ना, मी कोनाला दिलं ते!"

"त्या यंत्रापाशी तू एकटीच असशील, भागू. तिथे तो नाही, मी नाही."

"आन मागनं इचारलं तर?"

आत्या उत्तर द्यायच्या आत सॅम्सन पुढे झाला. "काल त्याने मला विचारलं, तेव्हा मी घाबरून त्याला हवं तेच सांगितलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भागूबाई, मी अजून घाबरलेलोच आहे. पण आज मागे फिरलो तर उद्या आरशात कोणत्या तोंडाने बघू?"

भागूबाईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "शेठ, तुमचं तर पाय लटलट कापतात!" ती एकाएकी हसली आणि दार पुरतं उघडलं. मग शेजारचं उघडलं. मग त्याच्या पलीकडचं.

सगळे त्याच बांधावरून खाली उतरले. शाळेतल्या मतदान केंद्रात नोंदवहीपाशी आत्याने अंगठा पुढे केला, तेव्हा मागून भागूबाई म्हणाली, "बाई! आमाला सही शिकवली आन तुमीच अंगठा?"

"शनिवारी मी लेखणी धरत नाही. अंगठ्याचं काय ते देवाशी बघून घेईन. तू सही कर."

भागूबाईने सही केली. अक्षरं वेडीवाकडी होती, पण तिची होती.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येकांचं मतदान केंद्र घराच्या कोपऱ्यावर असतं आणि तरीही आपण सुट्टी म्हणून झोपून राहतो! कुणाच्या वाटेवर मात्र ट्रॅक्टर आडवा असतो. आपलं मत देणं हे आपलं कर्तव्य आहेच. पण भेदरलेल्या शेजाऱ्याला त्या दारापर्यंत सोबत करणं हेही तितकंच मोठं कर्तव्य आहे. निर्भय झाल्यावर निघू म्हणणारा कधीच निघत नाही. कापत्या पायांनीच निघावं लागतं.

उद्यापासून वाडीला काम मिळेल की नाही, गॅरेज शाबूत राहील की नाही, हे त्या दुपारी कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेपासून बऱ्याच अंतरावर, चिंचेखाली, राजेश वाट पाहत उभा होता. भागूबाई जवळ येताच तो आडवा आला. सॅम्सन तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

"कोनाला दिलंस गं?" राजेशने विचारलं.

भागूबाईने शाई लागलेल्या बोटाने डोक्यावरचा पदर सारखा केला. क्षणभर तिने त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग त्याला वळसा घालून ती वाडीच्या वाटेला लागली.