शंभर पेशींचा नियम

विद्यार्थी सरांना पाठीमागे 'शंभरी' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. होऊ घातलेल्या डॉक्टरांना रक्ताची स्लाइड वाचायला शिकवताना त्यांचा एकच नियम असे: शंभर पांढऱ्या पेशी मोजून झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दहा पेशी बघून निदान ठोकणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला, असं ते वर्गात दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी पोरं हसत.

नियम वाईट नव्हता. शिकाऊ डॉक्टर उतावळाच असतो. दोन पेशी वेड्यावाकड्या दिसल्या की पुस्तकातला सर्वांत भयंकर आजार रोग्याच्या गळ्यात बांधून मोकळा होतो. सरांच्या हाताखालून गेलेला माणूस असं करत नाही, असा लौकिक होता आणि सरांनी तो जिवापाड जपला होता. लौकिक जपायला माणूस कुठवर जातो, ही खरी गोष्ट आहे.

गेले आठ दिवस त्यांच्या टेबलावर एक पत्र पडून होतं. दुसऱ्या एका वैद्यकीय महाविद्यालयात त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज केला होता. तिच्या कागदांत अकरा वर्षांपूर्वीच्या चौकशीचा शेरा होता: 'गंभीर रक्तकर्करोगाची स्लाइड कळवण्यात अक्षम्य विलंब.' तेव्हाचे आणि आताचे विभागप्रमुख म्हणून सरांनी आपलं मत कळवावं, एवढंच पत्रात होतं. ते मत चार ओळींत लिहिता आलं असतं. पण त्या चार ओळी खऱ्या लिहायच्या, तर सर खोटे ठरत होते.

"अहो, पत्राला उत्तर धाडलंत का?" बायकोने सकाळी चहा देताना विचारलं.

"बघतो."

"आठ दिवस बघताय. मायक्रोस्कोपखाली धरलंय का?"

सरांनी वर्तमानपत्र जरा उंच धरलं. बायकोला अर्धीच गोष्ट माहीत होती. उरलेली अर्धी जगात सर आणि ती विद्यार्थिनी, दोघांनाच माहीत होती.

ती विद्यार्थिनी आवाजाने इतकी बारीक होती की सरांनीच तिचं नाव 'चिमणी' ठेवलं होतं. डोळा मात्र घारीचा. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्यापुढे एका तरुण बाईची स्लाइड आली. हिरड्यांतून रक्त येतंय, अंगावर काळेनिळे डाग आहेत, म्हणून वॉर्डातून पाठवलेली. चिमणीने सर्वांत मोठं दाखवणारी तेलाची लेन्स लावली आणि थोड्याच वेळात तिला ती पेशी दिसली. पोटात दाणेच दाणे आणि त्यांत बारीक काड्यांची मोळी बांधून ठेवल्यासारखी. ही मोळी ज्या रक्तकर्करोगात दिसते, तो बरा होऊ शकतो. पण औषध तासाभरात सुरू व्हावं लागतं, नाहीतर रोगी डोक्यात रक्तस्राव होऊन जातो. औषधाच्या गोळ्या वॉर्डाच्या कपाटातच होत्या.

चिमणी उठून सरांच्या दारात गेली. सर परीक्षेचे पेपर तपासत होते.

"सर, मला काहीतरी दिसतंय."

"किती झाले?" सरांनी मान वर केली नाही.

"बावीस. पण सर, पेशी खूप विरळ आहेत, शंभर व्हायला फार वेळ..."

"मग शंभर झाल्यावर ये."

ती गेली. परत आली तेव्हा दुपार कलली होती. सरांनी स्लाइड बघितली आणि हातातलं पेन फेकून ते वॉर्डाकडे धावले. पण ती बाई तोवर बेशुद्ध झाली होती. संध्याकाळी ती गेली. वय वर्षं सव्वीस.

चौकशीत सर म्हणाले, "त्या मला वेळेत सांगायला आल्या नाहीत." टेबलापलीकडे चिमणी बसली होती. तिने सरांकडे एकदा बघितलं आणि पुढे केलेल्या कबुलीच्या कागदावर सही केली. ती भांडेल अशी सरांची अपेक्षा होती. भांडली असती तर कदाचित त्यांनी कबूलही केलं असतं, असं ते स्वतःला पुढे बरीच वर्षं सांगत राहिले. माणूस स्वतःची समजूत घालायला कधी कमी पडत नाही.

पुढे चिमणीने हे क्षेत्रच सोडलं. शाळांतून मुलांची तपासणी करत फिरते, असं सरांच्या कानावर आलं होतं. ती स्लाइड मात्र सरांनी ठेवून घेतली. दरवर्षी नव्या तुकडीला ती दाखवायची आणि 'विलंबाने जीव कसा जातो' ते सांगायचं. कोणाचा विलंब, ते सांगायचं नाही.

आजही त्यांनी तीच काढली. तुकडीत सहा जण होते. पहिला लंबू बसला. हा पोरगा एवढा उंच की मायक्रोस्कोपपुढे बसला की पाठीची कमान व्हायची. एका हाताने तो स्लाइड सरकवू लागला, दुसऱ्याने मोजणीच्या यंत्राची बटणं दाबू लागला. टक, टक. त्याच मायक्रोस्कोपला शिकवणाऱ्यासाठी डोळे लावायची दुसरी नळी जोडलेली होती. सरांनी तिला डोळे लावले.

तिसरीच पेशी मोळीची होती. अगदी मधोमध, लख्ख. लंबूचा हात थबकला. त्याने फोकस बारीक करून बघितलं. मग, टक. स्लाइड पुढे सरकली.

सर वाट बघत राहिले. आणखी एक मोळी गेली. टक. आणखी एक. पोराच्या कपाळावर घाम दिसत होता, पण ओठ शिवल्यासारखे मिटलेले.

"काय दिसलं?" शेवटी सरांनीच विचारलं.

"सर, एकोणीसच झालेत."

"ते नाही विचारलं. दिसलं काय?"

"मोळी, सर. तिसऱ्या पेशीत."

"मग गप्प का बसलास?"

लंबू गोंधळला. पाठीमागून एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तुमचाच नियम आहे ना."

"आणि रोगी आत्ता इथे, समोरच्या वॉर्डात असता तर?"

"तरी मोजलेच असते, सर," लंबू म्हणाला. शाबासकी मिळणार अशा चेहऱ्याने म्हणाला.

सरांना बसावंसं वाटलं, पण स्टूल लंबूखाली होतं. ते टेबलाला टेकले. आपण काय पेरत होतो, ते त्यांना पोराच्या त्या चेहऱ्यात दिसलं आणि लाज वाटली. मग त्यांनी सहा जणांना सगळं सांगितलं. बावीस पेशी, दार, पेपर, चौकशीतलं ते वाक्य. कोणी हसलं नाही. "मोळी दिसली की मोजणी तिथेच सोडायची आणि पळत यायचं," ते म्हणाले. "मी ओरडलो तरी यायचं. मला बाजूला सारून वॉर्डात जायचं."

वर्ग सुटल्यावर त्यांनी खोलीत जाऊन पत्र लिहिलं. चार ओळींतच झालं. विलंब माझा होता, साक्ष खोटी होती, शेरा काढून टाकावा. मग जुना नंबर शोधून त्यांनी चिमणीला फोन लावला.

"सर?" आवाज तसाच बारीक होता.

त्यांनी पत्र वाचून दाखवलं.

"सर, अर्ज मी मागे घेतला," ती म्हणाली. "सोमवारीच. पत्र तुमच्याकडे गेलंय असं तिथल्या कारकुनाने सांगितलं, त्याच दिवशी."

"अगं, पण का? थांबायचं तरी होतंस."

"तुम्ही काय लिहाल ते माहीत आहे, असं वाटलं."

"मी पुन्हा बोलतो त्यांच्याशी. चूक माझी होती. तू तर आली होतीस."

"सकाळी एकदाच आत आले होते, सर," ती म्हणाली. "तुम्हाला सांगितलं नाही कधी. त्या दिवशी शंभर झालेच नव्हते. छप्पन्नला मी मोजणं सोडलं. आता नक्की आहे, जाऊन सांगायचंच, असं ठरवून दोनदा आले तुमच्या खोलीपर्यंत. आणि परत गेले. तासभर नुसती बसून होते, मग आत आले. चौकशीत तुम्ही म्हणालात ना, वेळेत आली नाही म्हणून, तेव्हा मला ते खरंच वाटलं. अजूनही वाटतं. म्हणून सही केली."

अकरा वर्षं त्यांना वाटत होतं की आपण तिच्यावर खोटं लादलं. तिने ते खरं मानून अंगावर वागवलं होतं.

"आत का नाही आलीस गं?" त्यांनी विचारलं. "दार तर उघडंच होतं."

"हो, सर," ती म्हणाली. "तुम्ही दिसत होतात मला."