एकशे शहाण्णव

बोगद्याचं छत कोसळलं तेव्हा मोजणीवाला आणि त्याचा मेहुणा ढिगाऱ्याच्या आतल्या बाजूला अडकले. मेहुणा छिद्रं पाडायचं यंत्र चालवायचा. त्याचे दोन्ही पाय मांडीपर्यंत दगडाखाली होते. मोजणीवाल्याने पहार लावून पाहिली, दगड हलेना. शेवटी बॅटरी वाचवायला त्याने दिवा मालवला आणि मेहुण्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"दाजी, झोप येतेय."

"झोपायचं नाही. मी आकडा देतो. तो उलटा करायचा, मूळ आकड्यात मिळवायचा. नाही जमलं तर आलेल्या बेरजेला पुन्हा तेच. दोन्हीकडून सारखा वाचता येईल असा आकडा आला की जिंकलास."

"मरणाच्या दारातही तुमची शाळा काही सुटत नाही."

"सत्तावन्न."

मेहुणा पुटपुटला. सत्तावन्न आणि पंचाहत्तर, एकशे बत्तीस. त्यात दोनशे एकतीस. "तीनशे त्रेसष्ट. आला की! लहान पोरांचे आकडे देऊ नका."

आणखी दोन-तीन आकडे त्याने असेच सोडवले. मग कण्हणं वाढलं, मध्येच गप्प होऊ लागला. लवकर संपणारा आकडा आता उपयोगाचा नव्हता.

"एकशे शहाण्णव," तो म्हणाला.

आठशे सत्त्याऐंशी. सोळाशे पंचाहत्तर. मेहुणा चुकला की मोजणीवाला हलकेच दुरुस्त करी. बेरजा फुगत गेल्या, सारखेपणाचा पत्ता नव्हता. बावन्न हजारांवर मेहुणा थांबला.

"दाजी, खरं सांगा. हा आकडा सुटतो का?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण अंधारात मेहुण्याने त्याचा हात घट्ट धरला होता.

"आजवर कुणाला सुटलेला नाही. संगणकांनी कोट्यवधी अंकांपर्यंत बेरजा केल्या. कधीच सुटणार नाही, असंही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही."



"म्हणजे तोही लटकलाय," मेहुणा म्हणाला. "चालू दे. चौऱ्याण्णव हजार एकोणचाळीस. उलटा... त्र्याण्णव हजार..."

"एकोणपन्नास."

"हं. हातचा किती?"

मोजणीवाल्याने हातचा सांगितला. पुढची बेरीज त्याने एकट्यानेच केली, मोठ्याने, आणि त्याच्या पुढचीही. मग हातातली पकड सैल पडल्याचं त्याला कळलं. तरी तो बोलत राहिला, आवाज फुटेनासा होईपर्यंत.

माणसं पलीकडून ढिगारा फोडून आली. मोजणीवाल्याला स्ट्रेचरवर घेतलं. मेहुण्याला बाहेर काढायला फार वेळ लागला.

दवाखान्यात बायको त्याच्या खाटेशी येऊन बसली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"शेवटी काय म्हणाला रे माझा भाऊ? आईची आठवण काढली का?"

"नाही. बेरीज करत होता."

तिला वाटलं, नवरा भ्रमात आहे. त्याने सगळं सांगितलं, आकड्यासकट. ती ऐकत राहिली.

"गणिताच्या तासाला खिडकीतून उडी मारून पळायचा तो," ती म्हणाली. "मास्तर घरी तक्रार घेऊन यायचे."

तिने पदर तोंडात कोंबला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, पण मेहुण्याचा हात धरून आखडलेली बोटं अजून उघडत नव्हती. मग तिनेच तो हात धरून आपल्या मांडीवर ठेवला.

पंधरवड्याने कंपनीचा माणूस घरी आला. बोगदा दुसऱ्या बाजूने खणायचा ठरला होता, मोजणीला माणूस हवा होता. बायकोने त्याला दारातूनच परत पाठवलं.