साखरामावशीच्या चार ओळी

"सर, समुद्र काय फक्त पोरांसाठीच खारट असतो का?"

बेबीनंदाने विचारलं आणि नववीचा अख्खा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला. तिची मान ताठ होती. मागच्या बाकावर कौसल्या तोंडावर वही धरून हसू दाबत होती. पैज तिनेच लावली होती. "विचारून दाखव. विचारलंस तर आठ दिवस तुझं दप्तर मी वाहीन," असं ती म्हणाली होती, आणि बाकीच्या पोरींनी लगेच री ओढली होती, "हिची काय बिशाद!"

रायभान सर भूगोल शिकवायचे. दिवाळीच्या सुटीत शाळेची सहल पणजीला जाणार, फक्त मुलग्यांनी आपापली नावं द्यावीत, एवढं सांगून ते खडू ठेवत होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बेबीनंदा, मागच्या साली नाव विचारलं तरी रडायचीस ना गं तू?"

"सर, तवा मी लहान होते."

वर्ग खो-खो हसला. सरही हसले. "बरं. दहा पोरी जमव. दहा जणींच्या घरच्यांच्या सह्या आण. आमची मंडळी येतील सोबत. मंग बघू, समुद्र कोणाला किती खारट लागतो ते."

झालं! पंधरा ऑगस्टला भाषणात पहिला नंबर आला तेव्हापासून बेबीनंदाच्या जिभेला धार चढलीच होती, आता तिला पाय फुटले. हसनाबादच्या गल्ल्या पालथ्या घालून तिने आठ दिवसांत अकरा सह्या जमवल्या. कोणाच्या आजीला म्हणाली, "आजी, मास्तरीणबाई रात्रभर जाग्या राहणारेत." कोणाच्या बापाला म्हणाली, "काका, भूगोलात मार्क वाढतात." गावभर सह्या गोळा करणाऱ्या या पोरीच्या स्वतःच्या चिठ्ठीवर मात्र सही नव्हती.

"आधी प्लॉट," तिचे वडील साहेबराव म्हणाले. "कंपनीचा माणूस ओळी बघून पास करू दे. मंग तुझी सही."

त्या वर्षी जालन्याच्या एका बियाण्याच्या कंपनीने साहेबरावांना त्यांच्याच शेतात संकरित बियाण्यासाठी अर्धा एकर कपाशीचा प्लॉट दिला होता. गावात पहिलाच. पुढच्या सालीही मिळावा म्हणून त्यांचा जीव त्यात अडकला होता. काम बाईमाणसांच्या बोटांचं, त्याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणायचे. मादीच्या ओळीत उद्या फुलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, नखाने तिच्या पाकळ्या आणि आतले परागाचे पिवळे दाणे सोलून काढायचे, उरलेल्या काडीवर लाल कागदाची टोपी चढवायची. सकाळी टोपी काढून नराचं फूल त्या काडीवर घासायचं आणि देठाला लाल दोरा बांधायचा. जी कळी संध्याकाळी नजरेतून सुटली आणि सकाळी फुलली, ती किती का देखणी असेना, खुडून फेकायची. तिने स्वतःचेच दाणे घेतलेले असतात, तिच्या सरकीचं बियाणं चालत नाही. लाल दोरा दिसला म्हणजे ते बोंड खरं, हा साहेबरावांचा कंपनीला शब्द.

सुटी लागल्यापासून बेबीनंदा रोज प्लॉटमध्ये होती. तिची बोटं इतकी चपळ, की बाया म्हणायच्या, "ही पोरगी कळी सोलून राह्यली का शेंगा?" तिच्या शेजारच्या, विहिरीकडच्या चार ओळी साखरामावशीच्या. साखराबाई पन्नाशी ओलांडलेली, एकटी, रोजानं कामाला येणारी, आणि बेबीनंदाला लहानपणी कडेवर घेऊन गाव हिंडलेली.

एका दुपारी मावशी जवळ आली. "बेबे, केदारखेड्याहून सांगावा आल्ता. लेक बाळंत झाली. जाऊन येते. उद्या दुपारपर्यंत माझ्या चार ओळी बघशील का?"

"बिलकुल बघते मावशी. जा तू बिनघोर."

आणि त्याच दिवशी चार वाजता कौसल्याच्या घरी सहलीची यादी करायला सगळ्या पोरी जमायच्या होत्या.

बेबीनंदाने आपल्या ओळी भराभर उरकल्या. मावशीच्या ओळींकडे पाहिलं. तासाभरात येऊन करू, असं ठरवून ती पळाली.

कौसल्याच्या ओसरीवर नकाशाचं पुस्तक उघडलेलं. पणजीवर बोट ठेवलं की पुढे सगळं निळंच निळं. मांडवी नदी तिथे समुद्राला मिळते, होडीत मोटारीसुद्धा चढवून पलीकडे नेतात, आणि ऊन म्हणे असं, की वाळूत अनवाणी उभं राहावत नाही. कौसल्या म्हणाली, "आपल्याकडं काय सावली लागून गेली का?" दशम्या किती, चिवडा कोणी आणायचा, समुद्रात उतरताना परकर गुडघ्यापर्यंत खोचायचा की घोट्यापर्यंत, यावर एवढी वादावादी झाली की कौसल्याची माय आतून ओरडली, "अगं, आधी समुद्र तर येऊ द्या!" बेबीनंदा यादी लिहीत होती. तिने मान वर केली तेव्हा दिवस बुडला होता.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी प्लॉटमध्ये गेली. साखरामावशीच्या चारही ओळी फुललेल्या होत्या. एकाही काडीवर लाल टोपी नाही.

खुडायची होती ती फुलं. सगळी. पण मग त्या दिवसाचा एकही नवा दोरा त्या ओळींत दिसला नसता, आणि बाबांची नजर तर दोऱ्यांवरच. काल कुठं होतीस, म्हणाले असते. मग कसली सही आणि कसली पणजी! बेबीनंदाने नराचं फूल घेतलं, एकेका उमललेल्या फुलात घासलं आणि देठाला लाल दोरा बांधला. दीड-दोनशे फुलं. हात नेहमीसारखेच झरझर चालत होते, त्यांना कशाचीच लाज नव्हती. पाकळ्या वाळतील, गळतील, कोणाला कळतंय, असं ती स्वतःला सांगत होती.

पाकळ्या वाळल्या. बऱ्याच गळल्या, काही गळल्या नाहीत.

पाचव्या दिवशी कंपनीचे अप्पाराव आले. विहिरीकडच्या ओळीत वाकले आणि एक इवलंसं बोंड खुडून साहेबरावांपुढे धरलं. देठाला लाल दोरा, आणि शेंड्याला चिकटलेली वाळकी पाकळी.

"कळी सोलली असती तर ही पाकळी आली कुठून, साहेबराव? हे बघा, हे आणखी एक. ह्या ओळी कोणाच्या?"

"साखराबाईच्या," साहेबराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

साखरामावशीने ते बोंड हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "माझ्याच हातून झालं असंल, भाऊ," ती हळूच म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या हातून होणार? सांजच्याला मला आताशा अंधुक दिसतंय की काय, कोण जाणे."

"ह्या चार ओळींतली दोऱ्याची सगळी बोंडं तोडून टाका," अप्पाराव म्हणाले. "खरी कोणती, खोटी कोणती, कसं निवडणार? बाकीचा प्लॉट वाचवा. आणि इथं दुसरं माणूस लावा."

बेबीनंदा दोऱ्याचं रीळ हातात घेऊन चार पावलांवर उभी होती. तिने तोंड उघडलं. तेवढ्यात अप्पाराव तिच्या ओळींकडे वळले. "आणि ह्या कोणाच्या? एक नंबर काम आहे."

"माझ्या पोरीच्या," साहेबराव म्हणाले. इतक्या वेळात पहिल्यांदाच ते हसले.

नववीतल्या अख्ख्या वर्गासमोर सरांना उलटून विचारणारी ती, आणि इथं तिच्या तोंडून साधं 'बाबा' फुटेना.

"साखराबाई, राग मानू नका," अप्पाराव गेल्यावर साहेबराव म्हणाले, "पर उद्यापासून क्रॉसिंगला येऊ नका."

मावशीने विळा-दोरी गोळा केली, लुगड्याचा पदर खोचला आणि गेली. दुपारी साहेबरावांनी चिठ्ठीवर सही केली. "तुझ्या ओळीत एक खोट न्हाई निघाली," ते म्हणाले. "जा, बघून ये समुद्र."

दुसऱ्या दिवशी तिने मायबरोबर त्या चार ओळींतली बोंडं तोडली. मावशीची महिनाभराची खरी बोंडंही त्यातच. टोपली भरली तशी माय, गिरिजाबाई, म्हणाली, "कसं झालं असंल गं साखराबाईकडून? इतक्या निगुतीची बाई." बेबीनंदा खाली बघून तोडत राहिली.

तिने कौसल्याला सांगितलं. कौसल्याने डोळे मोठे केले, इकडे-तिकडे बघितलं. "मंग आता कशाला सांगतेस, येडे? पणजीहून आल्यावर सांग. मावशी कुठं पळून चालली का?"

हे बरं होतं. बेबीनंदाने एक रात्र त्यावर काढली. सकाळी पिशवीत टॉवेल भरताना तिला वाटलं, मावशीला नुसतं बघून तरी यावं.

साखरामावशी दारात उन्हाला बसली होती. हातात सुई, मांडीवर गोधडी. बेबीनंदाला पाहून तिने सुई पुढे केली.

"बघ गं बेबे, पहिल्या झटक्याला ओवली. तीनदा काढली, तीनदा ओवली. डोळे तर बराबर हायेत माझे. मंग त्या कळ्या मला कशा न्हाई दिसल्या?"

बेबीनंदा उंबऱ्यावर टेकली.

"डोकंच चाललं वाटतं माझं," मावशी म्हणाली. ती हसली, पण हसणं अर्ध्यात राहिलं. "माझी सासू अशीच झाली होती. चूल पेटवायची अन् विसरायची. लेक म्हणती, बाळाला घेऊन महिनाभर ऱ्हायला येते. मी नको म्हणून कळवलं. माझ्या भरवशावर तान्हं लेकरू कसं ठेवायचं, सांग."

"मावशी, तू केदारखेड्याला गेल्तीस ना, त्या दिवशी..."

"त्या दिवशी तू केल्या होत्या ओळी. त्या बराबरच असणार. तू शिकल्याली पोरगी, तुझं कसं चुकंल?" मावशी उठली, आतून कागदात बांधलेली पुडी घेऊन आली. "शेंगदाण्याची चटणी केली. वाटेत दशमीसंगं खाय. पोरींनाबी दे. अन् समुद्रात लई आत जाऊ नको, माझ्या गळ्याची शपथ."

बेबीनंदाने पुडी घेतली. तिथेच बोलायचं होतं, पण ती नुसती मान हलवून उठली. रस्त्याने चालताना पुडीचं तेल कागदातून झिरपून बोटांना लागत होतं. आठ दिवसांनी सांगायचं, म्हणे! आठ दिवस ही बाई दारात बसून सुई ओवत राहणार, आणि आपण वाळूत परकर खोचून उभ्या राहणार. तिकडे केदारखेड्याची लेक माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसणार. बेबीनंदा चालता चालता पळायलाच लागली.

साहेबराव जालन्याला कंपनीच्या ऑफिसात जाऊन नुकतेच परतले होते. गिरिजाबाई त्यांना ताट वाढत होती. बाजेवर नव्या चपलांचा जोड ठेवलेला.

"घालून बघ गं," साहेबराव म्हणाले. "वाळूत पाय भाजतात म्हणे तिकडं."

"बाबा, त्या ओळी मी खराब केल्या."

"कोणत्या ओळी?"

"साखरामावशीच्या. ती केदारखेड्याला गेल्ती त्या दिवशी मी कळ्या सोलल्याच न्हाईत. कौसल्याकडं यादी करत बसले. सकाळी फुलं फुलली, ती खुडायची सोडून मी दोरे बांधले. तुम्ही सही करणार न्हाई म्हणून."

गिरिजाबाईच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. साहेबरावांनी घास ताटात परत ठेवला.

"अप्पारावांसमोर का न्हाई बोललीस?" त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुम्ही माझ्या पोरीच्या ओळी म्हणालात. मंग मला बोलताच येईना."

"आणि मी त्या म्हाताऱ्या बाईला घरी बसवली," साहेबराव म्हणाले. जणू तिथे दुसरं कोणी नव्हतंच. "माझ्या तोंडानं."

"दहा जणीत मिरवलीस की गं तू," माय म्हणाली. "अन् तिनं तुला कडेवर..." ती पदराने डोळे पुसायला लागली.

बेबीनंदाला रडू आलं होतं, पण तिने ते गालावरच पुसलं. रडत बोललं तर बाबांना दया येईल, आणि दया तिला नको होती. ती सरळ उभी राहिली, वर्गात राहिली होती तशी, फक्त या खेपेला पैज कोणाचीच नव्हती.

"मी पणजीला जात न्हाई, बाबा. अकरा जणी जातील, यादी कौसल्याकडं देते. क्रॉसिंग संपेपर्यंत मावशी तिच्या चार ओळींवर येईल, तुम्ही तिला बोलवा किंवा मी बोलावते, अन् कंपनीचा माणूस आला की माझं नाव मीच सांगते. आता मी तिच्याकडं चालले. तिच्या दारात उभी राहून, शेजारच्या बायांना ऐकू जाईल असं सांगते, की तिचं डोकं बराबर हाय."