जिभेवरचा खडा

ओला, तांबूस, मधोमध पांढरी रेघ गेलेला तो खडा म्हाताऱ्याने आधी जिभेवर ठेवला, डोळे मिटले, थोडा वेळ तसाच बसला – आणि मग दोन बोटांनी काढून मुरारीपुढे धरला.

"पाह्य. चिपकत नाही. चिपकला तं चुन्याचा समज. चुन्याचा गोटा पानी जड करते, मासोऱ्या तरास खातेत."

"हे सगळे तुम्ही चाखून आणले?"

"मंग? एकेक."

सिमेंटच्या पोत्याची शिवलेली पिशवी, पायलीभर तरी खडे, आणि त्यातला प्रत्येक या म्हाताऱ्याच्या तोंडातून जाऊन आलेला... मुरारीला किळस आली, आणि किळस आल्याचा रागही आला. समोर खुर्ची रिकामी होती, तरी बाप फरशीवरच बसला होता. केवळराम, जातीचा ढिवर, उभा जन्म वैनगंगेत जाळं टाकण्यात गेला, आता हा लाखनीत, पोराच्या भाड्याच्या घरात, असा बसलाय जसा काही विकायलाच आला आहे. नोकरी लागल्यापासून मुरारी त्याला 'तुम्ही' म्हणू लागला होता. लोकांना तो आदर वाटे.

आणि बोलावलं कोणी? मीच. दिवाळीनंतर पोस्टकार्ड टाकलं होतं – घरी माशांसाठी काचेची पेटी आणतो आहे, तळाला घालायला आपल्या घाटावरचे बारीक गोटे लागतील. सहज लिहिलं होतं. लिहिताना घाट आठवला, उन्हाळ्यात उघडी पडणारी रेतीची जीभ आठवली, गुडघाभर पाण्यात वाकलेला बाप आठवला, आणि बरं वाटलं, एवढंच. कचेरीत नवे साहेब आले, त्यांना माशांचा नाद, त्यांनी आपल्या पेटीतले चार सोनेरी मासे मुरारीला देऊ केले. म्हणाले, "मुरारीबाबू, खडी मात्र निळी घ्या. नागपूरला मिळते. निळ्यावर सोनेरी असं खुलतं म्हणता!" मुरारीने निळी आणली. पोस्टकार्ड तो विसरला. बाप विसरला नाही. तो तीन महिने घाटावर बसून खडे चाखत होता.

मासे सकाळपासून प्लास्टिकच्या बादलीत फिरत होते. पेटी कोरडी. टेबलावर निळ्या खडीची पुडकी, खाली पिशवी. साहेब पाचला येणार होते, पेटी लावलेली बघायला. यष्टी उशिरा आली असती तर... बाप उद्या आला असता तर... मुरारी असं मोजत बसला आणि आपण काय मोजतोय हे कळून त्याचं तोंड कडू झालं. साहेबांना आपण 'मूळचे शेतीवाले' असं कधीतरी सांगून बसलो आहोत, हे त्याला आज दहाव्यांदा आठवलं. ढिवराला कचेरीत कोणी खाल्लं नसतं. पण सांगून बसला होता.

"कोनते टाकतं मंग?" बापाने विचारलं. त्याने निळी पुडकी बघितली होती. मघाशी एक दाणा उचलून, जिभेला न लावता, परत ठेवलाही होता.

"बघू," मुरारी म्हणाला.

स्कूटर थांबली. साहेब आत आले, बूट काढता काढता पेटीचं कौतुक केलं, आणि मग त्यांची नजर फरशीवर गेली. "हे कोण?"

मुरारीने तोंड उघडलं. शब्द होता, दोन अक्षरी, लहानपणापासूनचा. तो ओठापर्यंत आला, आणि तेवढ्यात खालून आवाज आला – "मी रेतीवाला आहो जी. बाबूले रेती आनून देल्ली."

बाबूले! मुरारीने बापाकडे बघितलं नाही. त्याला छातीत हलकं वाटलं, खरोखर हलकं, ताप उतरावा तसं, आणि त्या हलकेपणाला तो पुढे कधीच क्षमा करणार नव्हता.

"नदीची? छे हो, घाण असते तीत," साहेब म्हणाले. "निळीच घाला."

मुरारीने निळी घातली. साहेबांनी हाताने सारखी केली. "जरा पाणी ओता हो तुम्ही," ते बापाला म्हणाले. म्हातारा उठला, आतून ताटली मागून घेतली, ती खडीवर ठेवली आणि तिच्यावर बारीक धार सोडली. एक दाणा हलला नाही, पाणी गढुळलं नाही. साहेबांनी बादलीतले मासे आत सोडले.

"हुशार आहे तुमचा रेतीवाला!"

"हो," मुरारी म्हणाला.

जिजा, त्याची बायको, चहा घेऊन आली. एरवी सासऱ्यापुढे पदर सावरून 'मामाजी, चहा' म्हणायची; आज तिने नवऱ्याचं तोंड बघितलं आणि तिसरा कप मुकाट्याने फरशीवर ठेवला. पदर मात्र तिने सावरला. साहेबांच्या ते लक्षात आलं नाही.

स्कूटरचा आवाज पार विरल्यावरच मुरारी म्हणाला, "आज राहा ना."

"नाही गा. सहाची यष्टी हाय. गावात धरनाचे मोजनीवाले येऊन राहिले, घरी मानूस पाह्यजे." बाप चपला शोधत होता. "गोटे राहू दे. बगिच्यात टाकजो. घाट पान्यात गेला का मंग कोठचे भेटतेत?"

शिवी दिली असती तर! 'बापाले लाजतं काय बे' असं एकदा ओरडला असता, तर मुरारीला काही उत्तर देता आलं असतं. म्हातारा वळून पेटीतल्या माशांकडे बघून हसला फक्त, आणि गेला.

दिवेलागण झाली. निळ्यावर सोनेरी मासे खुलत होते. मुरारी खाली फरशीवर, बाप बसला होता तिथेच बसला, पिशवीत हात घालून एक खडा काढला आणि जिभेवर ठेवला. गार लागला. चिकटला नाही. दुसरा. तिसरा. एक तरी चुन्याचा असेल, एवढ्या पायलीभरात एक तरी. नजर गेली आहे म्हाताऱ्याची, कुठेतरी चुकला असेल... एवढा एक सापडला तरी आपण निळी घातली ते बरोबर होतं.

"काय करून राहिले?" जिजा दारातून म्हणाली.

त्याच्या तोंडात खडा होता. तोही निसटून तळहातावर पडला, आणि मुरारीने पुन्हा पिशवीत हात घातला.