देवराईतली ओंजळभर माती

शाहिस्ता मुजावर कोल्हापुरात एम.एस्सी. करत होती. अभ्यास मातीतल्या बुरशीचा. गडमुडशिंगीला घरच्या उसातली माती तिनं तपासली, तेव्हा झाडांच्या मुळांत राहणाऱ्या बुरशीच्या तीनच जाती सापडल्या. आता कधीच न नांगरलेली माती हवी होती, म्हणून ती पन्हाळ्याच्या पायथ्याला एका देवराईत गेली.

देवराईची राखण विठाबाई करायच्या. साठीच्या, काटक. शाहिस्तानं पिशवी काढलेली बघताच म्हणाल्या, "हितली काडीबी भाईर न्हेत न्हाईत, पोरी."

शाहिस्तानं पिशवी परत ठेवली. "मावशी, हितंच बसून बघितली तर?"

"बघ की. बघायला कोण नको म्हणतंय?"

आठ दिवसांनी ती वाकळेत गुंडाळलेला मायक्रोस्कोप मांडीवर घेऊन एसटीनं आली. जांभळाच्या बुडातली ओंजळभर माती तिनं बादलीत ढवळली आणि पाणी बारीक चाळण्यांतून ओतलं. शेवटच्या चाळणीत चहाच्या चोथ्याएवढा गाळ उरला. तो काचेच्या बशीत घेऊन तिनं मायक्रोस्कोपला डोळे लावले.

बशीत मणी सांडल्यासारखे बुरशीचे बीजाणू पसरले होते. पिवळेधमक, दुधी, मधासारखे, काळेभोर. काहींना केसाहून बारीक शेपूट. काही घोसानं चिकटलेले. चौदा जाती ओळखता आल्या. पंधरावी तिच्याजवळच्या, जाती ओळखायच्या कुठल्याच तक्त्यात नव्हती. तिनं पेन्सिलीनं वहीत तिचं चित्र काढायला घेतलं.

"काय दिसतंय एवढं?" विठाबाईंनी विचारलं.

शाहिस्तानं त्यांना जागा दिली. आधी त्यांना स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग रंगीत मणी दिसले.

"ह्ये कुणी प्येरलं?"

"कुणीच न्हाई, मावशी. ह्यातनं धागं फुटत्यात, मुळांत शिरत्यात. झाडाला पाणी, खत आणून देत्यात. झाड त्यास्नी साखर देतंय."

"चाळीस वर्सं हितं झाडलोट करतोय मी." त्या डोळे न काढता म्हणाल्या. "पायाखाली ह्ये असंल असं कधी वाटलं न्हाय. तुमच्या उसात किती हाईत?"

"तीन." शाहिस्ताला जरा ओशाळल्यासारखं झालं. "दरसाल नांगर, वर रासायनिक खत."

विठाबाईंनी मान वर केली. "एवढं सोसून तीन ऱ्हायल्यात? चिवट हाईत की."

त्या तीन जातींकडं शाहिस्तानं आजवर उणीव म्हणूनच पाहिलं होतं. टिकून कशा राहिल्या, हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

संध्याकाळी तिनं गाळ पुन्हा जांभळाच्या बुडात ओतला. परतीची एसटी केव्हाच निघून गेली होती. विठाबाई मात्र दुसरी बादली पाण्यानं भरून ओढ्याकडच्या उंबराखाली जाऊन बसल्या होत्या आणि तिथली माती कधी दाखवतेस, म्हणून हाक मारत होत्या.