तिसऱ्या मजल्यावर न पोचलेलं कपाट

मित्रांनो, मी एक कपाट आहे. जुनं म्हणावं इतकं माझं वय नाही, पण मला बघणारा जो तो "हे जुनं धूड हलवा इथून" असंच म्हणतो. बोईसरमधल्या एका इमारतीच्या जिन्याखाली मी उभा आहे. म्हातारी म्हणायची तर ती इमारत म्हातारी. मला उगाच बोल लागतो.

माझा जन्म माकुणसारचा. रामनाथ यांच्या वाडीतला फणस वादळात आडवा झाला. त्याचं लाकूड वाळत ठेवलं, तेव्हाच त्यांनी ठरवलं की धाकट्या लेकीला, तेजलला, लग्नात आंदण म्हणून याचं कपाट द्यायचं. तेजलचंही मागणं तेवढंच होतं. "बाबा, तिकडं दोन खोल्यांत सगळी मान्सं हायत. मला कुलूप लावता येल असं काय तरी द्या. बाकी काय नको."

आता मोजमाप कुणी घ्यायचं? आमच्याकडे जुनी रीत आहे. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत बाप लेकीच्या घरची पायरी चढत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. म्हणून तेजलची आत्या, हंसा, बायकांबरोबर घर बघायला गेली आणि सुतळीला गाठी मारून मापं घेऊन आली. एक गाठ भिंतीची, एक उंचीची, एक दाराची. आत्या मोठी हुशार. पण माकुणसारच्या बैठ्या घरांत जन्म गेलेल्या बाईला जिना मोजायचं कसं सुचावं? आणि ज्याला सुचलं असतं तो बाप वर गेलाच नव्हता.

मासवणहून गोमा सुतार आले. त्यांनी मला एकही खिळा, एकही स्क्रू न लावता जोडलं. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलं, वर लाकडी मेख ठोकली. "आता याला तोडल्याशिवाय कोन सोडवनार नाय," असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला शाबासकी वाटली. मी चांगलाच फुशारलो.

लग्न झालं आणि मी टेम्पोतून बोईसरला आलो. तेजलचं सासर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर माझा खांदा भिंतीला अडला. हमालांनी मला उभं केलं, आडवं केलं, तिरपं केलं. शेवटी त्यांच्यातला एक घाम पुसत म्हणाला, "नहीं घूमेगा, चाचा." तळमजल्यावरचे शेजारी हसले. "हत्ती गेला नि शेपूट राहिलं!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोरानं ओढून बाल्कनीतून घ्यावं, तर बाल्कनीला ग्रील. तेजलच्या सासऱ्यांनी वरूनच सांगितलं, "ग्रील कापायची नाय. चोर शिरला तर व्याही येनार काय राखायला? हवं तर कपाट कापा."

रामनाथ खाली अंगणात उभे होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "आंदण अखंड देतात. माज्या लेकीला मी तुकडे देनार नाय."

हळदीच्या हातांनी तेजल वळणावर उभी होती. ती म्हणाली, "कापा ना, बाबा. मला चालंल."

"तू गप," रामनाथ म्हणाले. सासऱ्यांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. तिचा नवरा कमलेश तारापूरच्या कारखान्यात कामाला, स्वभावानं गरीब. तो मोबाइलकडे बघत पुटपुटला, "चार दिवस ऱ्हाऊ द्या जिन्याखाली. मग बघू."

मित्रांनो, 'मग बघू' म्हणजे कधीच नाही, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

सुरुवातीला तेजल रोज संध्याकाळी खाली यायची. मला पुसायची, कुलूप उघडायची, लग्नातल्या साड्यांवरून हात फिरवायची आणि माझं दार उघडं ठेवून पायरीवर नुसती बसायची. वरून सासूबाईंची हाक आली की लगबगीनं कुलूप लावायची. तेवढा वेळ मी खरंच कपाट होतो. मला फार सुख वाटायचं.

पुढे शेजारचा पाण्याचा पंप गळू लागला. मला ओल धरली. साड्यांवर बुरशीचे ठिपके पडले तशी ती त्या वर घेऊन गेली. मग माझ्या डोक्यावर फुटक्या बादल्या आल्या आणि पोटात वाळवी.

दोन वर्षांनी तेजलच्या दिराचं लग्न झालं. त्यात मोठा सोफा आला. तोही वळणावर अडला. सासऱ्यांनी तासाभरात वेल्डर बोलावला, ग्रील कापली आणि सोफा दोरानं माझ्या डोळ्यांदेखत वर चढला. मला वाटलं, आता माझा नंबर. तेजललाही तसंच वाटलं असणार. ती धावत बाल्कनीत आली. "ग्रील उघडी हाय तवर माजं कपाट पन घ्या ना वर!"

"सोफ्यानं जागा भरली," सासरे म्हणाले. संध्याकाळी ग्रील पुन्हा जोडून झाली. त्या दिवसापासून तेजल माझ्याजवळ थांबली नाही. जाता-येता मान वळवायची तीसुद्धा बंद झाली.

यंदा तिला मुलगी झाली. बारशाला रामनाथ पहिल्यांदा तो जिना चढले. वर त्यांना काय दिसलं, ते मला खाली आल्यावर त्यांच्याच तोंडून कळलं. तेजलचे कपडे दाराआडच्या खिळ्याला, पिशवीत टांगलेले होते. मागोमाग आलेल्या तेजलला ते म्हणाले, "चुकलं माजं, पोरी. आजच आरी आनतो. दोन भाग करू, वर नेऊन जोडू."

तेजलनं मांडीवरच्या बाळासारखं त्यांना समजावलं. "ऱ्हाऊ द्या, बाबा. आता कुलपात ठेवावं असं माज्याजवळ काय हाय?"

रामनाथ माझ्या दाराला टेकून रडले. ती त्यांना गाडीपर्यंत पोचवून आली आणि माझ्यासमोरून वर निघून गेली.

आता सोसायटीनं मला हलवायचं ठरवलं आहे. भंगारवाला येऊन बघूनही गेला. मित्रांनो, वस्तू जपा, असं सांगायची आम्हा वस्तूंची पद्धत आहे. माझं तेवढंही मागणं नाही. वाळवी लागलेल्याला जपून कुणाचं भलं होणार? फक्त तुमच्या घरातली कुणी काही मागत असेल, तर ती मागते आहे तोवरच द्या. तिनं मागायचं सोडलं, की मग माझ्यासारखं नुसतं लाकूड उरतं.